ताबेहोदाई शाबू-शाबू: ९० मिनिटं आणि एक पातेलं

निशीकासाईकर

जपानला फिरायला किंवा कामाला येणाऱ्या मंडळींचे शाबू-शाबूबद्दलचे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेत. ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. शाबू-शाबू म्हणजे टेबलावरच्या पातेल्यातल्या गरम रसात मांसाचे पातळ काप आणि भाज्या शिजवत खाणं.

आधी शब्द. 'ताबेहोदाई' म्हणजे एकदा पैसे भरून ठरलेल्या वेळात हवं तेवढं खाणं. 'बायकिंगु' असाही शब्द दिसेल. तो बुफेसाठी आहे आणि तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलने १९५८ साली सुरू केलेल्या बुफेच्या नावावरून रूढ झाला. शाबू-शाबूच्या हॉटेलात बहुधा दोन्हींची सरमिसळ असते. मांस टेबलावर मागवायचं, भाज्या, चटण्या, भात, आइस्क्रीम स्वतः आणायचं. शाबुयो आणि नाबेझो या साखळ्यांत भाज्यांचा वेगळा कट्टा असतो. ओनयासाईत सगळं पडद्यावर बोट लावून मागवता येतं.

शाबू-शाबू हे नाव ओसाकातल्या सुएहिरो या हॉटेलने १९५२ साली दिलं. काप रसात हलवताना जो आवाज होतो, तो हा. मूळ पद्धत उत्तर चीनमधल्या मटणाच्या हॉटपॉटची.

वेळ साधारण ९० ते १२० मिनिटं. शेवटची ऑर्डर वेळ संपायच्या २० ते ३० मिनिटं आधी, म्हणजे ९० मिनिटांच्या कोर्समध्ये मागवायला प्रत्यक्षात तासभरच मिळतो. घड्याळ कुठे टेबलावर बसल्यापासून धरतात, कुठे पहिल्या ऑर्डरपासून. बसतानाच विचारून घ्या. एका टेबलावरच्या सगळ्यांनी एकच कोर्स घ्यायचा हा जवळपास सगळीकडचा नियम. अगदी लहान मुलं बहुतेक ठिकाणी फुकट, प्राथमिक शाळेतली निम्म्या दरात. दुपारी डुकराच्या मांसाचा साधा कोर्स २,००० येनच्या आसपास मिळतो, रात्री बरं गोमांस घेतलं तर ४,०००-५,००० येन, वाग्यू (जपानी जातीच्या गाईचं मांस) असेल तर त्याच्याही वर. हॉटेलात बसून खाण्यावर १० टक्के कर आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात करविरहित आणि खाली बारीक अक्षरात करासहित भाव लिहिलेला असतो, तेव्हा बारीक आकडा वाचा. टीप देत नाहीत.

आता मुद्द्याचं. लोक पोटाची क्षमता आणि घड्याळ यांचा विचार करतात, पातेल्याचा करत नाहीत. हिशोब बघा. पातेल्यात दीड लिटर रस ९० अंशांवर आहे. त्यात फ्रिजमधून आलेला अर्धा किलो कोबी एकदम लोटला की तापमान ७० अंशांच्या आसपास येतं. टेबलातली शेगडी १,००० वॅटची धरली, तरी रस पुन्हा ९० वर यायला जवळजवळ तीन मिनिटं जातात. असं दहा वेळा केलं की अर्धा तास गेला, आणि त्या वेळात टाकलेलं मांस शिजण्याऐवजी कोमट पाण्यात भिजत राहिलं. भाज्या मूठमूठ घाला. पातेलं थंड पडू दिलं नाही तर ९० मिनिटं भरपूर होतात.

---

पळीभर

धागा हवाच होता. पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं ते लिहिते, कारण पुढचं सगळं तिथेच ठरतं.

बसल्याबसल्या रस निवडायचा असतो. पातेल्याला मध्ये पडदा असेल तर दोन रस मिळतात. एका बाजूला कोंबूचा साधा रस ठेवाच. कोंबू म्हणजे वाळवलेलं जाड समुद्री पान. दुसऱ्या बाजूला सुकियाकी (सोया सॉस आणि साखरेचा खारट-गोड रस), सोयादूध, तिखट किमची (कोबीचं कोरियन लोणचं), काय आवडेल ते. दोन्ही बाजू तिखट-गोड घेतल्या तर तिसऱ्या ताटापासून सगळ्याची चव एकच लागते.

पातेल्यात कोंबूची पट्टी तरंगत असेल तर उकळी फुटायच्या आत, कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की ती काढा. उकळत राहिली तर रस बुळबुळीत होतो आणि उग्र वास येतो. घरी करायचं असेल तर एक लिटर पाण्याला १० ग्रॅम कोंबू, अर्धा तास भिजवून मग मंद आच.

शेगडी पूर्ण आचेवर ठेवून आधी मांसाची पहिली ऑर्डर द्या, माणशी एक ताट. मग भाज्यांकडे जा. उलटं केलं तर भाज्या घेऊन परतेपर्यंत ऑर्डरची रांग वाढलेली असते. शाबुयोसारख्या ठिकाणी मांजरीच्या चेहऱ्याचा रोबो ताटं घेऊन येतो. तो टेबलापाशी थांबला की आपली ताटं आपणच उचलायची आणि त्याला परत पाठवायचं.

पहिल्या फेरीत चायनीज कोबीचे जाड पांढरे देठ, गाजर, मुळा, शिताके मशरूम. हे शिजायला ५ ते ८ मिनिटं घेतात. कोबीचा हिरवा भाग, मिझुनाचा पाला, एनोकी मशरूम हे मिनिटभराचे पाहुणे, ते मांसाबरोबर. शुंगिकू नावाची पालेभाजी दिसेल, शेवंतीच्या कुळातली. ती ३० सेकंदांच्या वर ठेवली की कडू होते. आपल्या मेथीचा कडवटपणा आवडणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी.

---

मिरजमळा

वरच्या दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन. मांसाच्या कापाबद्दल थोडं.

शाबू-शाबूचा काप एक ते दीड मिलिमीटरचा, सुकियाकीचा त्याहून जाड, दोन-तीन मिलिमीटरचा. इतका पातळ काप अर्धवट गोठलेल्या मांसातूनच यंत्रावर निघतो, म्हणून ताटात तो कधीकधी कडक, गुंडाळलेला येतो. तसाच रसात सोडला तर बाहेरून पांढरा आणि आतल्या घडीत कच्चा राहतो. मिनिटभर ताटातच राहू द्या, चिमट्याने उलगडा, मग एकेक सोडा.

रस खळखळून उकळता नको. कडेला बुडबुडे आणि मध्ये हलकी थरथर, एवढंच. खळखळत्या रसात काप आक्रसून रबरासारखा होतो आणि रसही गढूळ होतो. गोमांसाचा काप चिमट्यात धरून तीन-चार वेळा मागेपुढे न्यायचा. गुलाबी रंग फिकट झाला की काढायचा, दहा सेकंद पुरतात. डुकराचा काप सोडून द्यायचा आणि गुलाबीचा मागमूस राहिला नाही की काढायचा, २० ते ३० सेकंद. कोंबडी त्याहून जास्त, आणि कोंबडीच्या किम्याचे गोळे वर तरंगल्यावरही दोन-तीन मिनिटं.

ऑर्डरच्या पडद्यावरचे शब्द: 'बारा' म्हणजे पोटाकडचं चरबीचं मांस, 'रोसु' पाठीकडचं, 'काता-रोसु' खांद्याकडचं. बाराची चार ताटं लागोपाठ मागवली की रसावर तेलाचा तवंग बसतो आणि जीभ थकते. बारा आणि रोसु आलटूनपालटून घ्या.

---

केतकीबन

दोन प्रश्न आहेत. गोमांस न खाणाऱ्यांनी काय काळजी घ्यायची? आणि टेबलावर एखादी व्यक्ती पूर्ण शाकाहारी असेल तर?

---

ओसाकाकर

केतकीबन, दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. एक सोपं, एक अवघड.

गोमांस नको असेल तर फक्त डुकराचा, किंवा डुक्कर आणि कोंबडी असा कोर्स जवळपास सगळ्या साखळ्यांत असतो आणि तोच सर्वांत स्वस्त असतो. "बुता दाके नो कोओसु वा आरिमासु का?" म्हणजे फक्त डुकराचा कोर्स आहे का. "ग्यूनिकु वा ताबेरारेमासेन", म्हणजे गोमांस खाता येत नाही, हेही सांगून ठेवा. तरी तीन जागा तपासा. सुकियाकीबरोबर पातेल्यात घालायला पांढऱ्या चरबीचा चौकोनी तुकडा येतो, तो गाईचा असतो. भाज्यांच्या कट्ट्यावर ठेवलेल्या करीत गोमांसाचा अर्क असू शकतो. तिखट रसांतही तसंच.

मोठ्या साखळ्या संकेतस्थळावर ॲलर्जीचा तक्ता देतात. त्यात गोमांस, डुक्कर, कोंबडी यांचे रकाने बहुधा असतात, तेव्हा या कामाला तो उत्तम.

शाकाहाराला मात्र हाच तक्ता दगा देतो. जपानी रसाचा पाया म्हणजे कात्सुओ, वाळवून किसलेला बोनिटो मासा. ॲलर्जीच्या सरकारी यादीत बांगड्याच्या जातीचा साबा आहे, सॅमन आहे, पण कात्सुओ नाही. त्यामुळे तक्त्यात सगळे रकाने कोरे दिसले तरी रसात मासा असू शकतो. 'कोंबू रस' असं नाव असलं तरी त्यात बऱ्याचदा कात्सुओचा अर्क असतो. सोयादुधाच्या रसात कोंबडीचा अर्क, पोंझु या आंबट चटणीत कात्सुओ, किमचीत माशाचा किंवा कोळंबीचा खार. पातेल्यातला पडदाही कामाचा नाही. उकळताना रस इकडून तिकडे उडतो आणि पळी तर सगळे एकच वापरतात.

आणि कोर्स सगळ्यांनी घ्यायचा नियम असल्यामुळे शाकाहारी माणसाला मांसाचे पैसे भरून कोबी खावा लागतो. माझं स्पष्ट मत: असं टेबल असेल तर ताबेहोदाईला जाऊ नका. माणशी वेगळं छोटं पातेलं देणारं हॉटेल शोधा आणि त्यात नुसतं गरम पाणी आणि कोंबूची पट्टी मागा. चवीला मीठ, सोया सॉस, तिखट तेल आणि शिचिमी. शिचिमी म्हणजे मिरची, सान्शो (जपानी तिरफळ), संत्र्याची साल, तीळ वगैरे सात जिनसांची भुकटी. तिच्यात मासा नसतो.

---

केतकीबन

धन्यवाद ओसाकाकर. कात्सुओ यादीत नाही हे लक्षातच आलं नसतं. शिराताकी चालेल ना शाकाहाऱ्यांना?

---

ओसाकाकर

हो, शिराताकी पूर्ण वनस्पतिजन्य. कोन्याकू नावाच्या कंदाच्या पिठाच्या पारदर्शक शेवया. हा कंद आपल्या सुरणाचा आणि पावसाळ्यात ठाणे-रायगडच्या बाजारात येणाऱ्या शेवळांचा सख्खा भाऊबंद, एकाच प्रजातीतला. खाजही तशीच. आपण शेवळांना काकडं नावाची फळं लावतो, जपानी लोक या पिठाला चुन्याच्या निवळीने बांधतात. त्या चुन्यामुळेच पिशवीतून काढल्यावर वास येतो. हॉटेलात धुऊनच ठेवलेल्या असतात, घरी करताना मात्र दोन-तीन मिनिटं उकळून ते पाणी फेकायचं.

कामाबोको, चिकुवा हे पांढरे-गुलाबी गोळे आणि नळ्या मात्र माशाच्या असतात. टोफूशेजारीच ठेवलेल्या असतात, फसू नका.

---

तीळतेल

चटण्यांवर कोणी लिहिलं नाही अजून. शाबू-शाबूच्या रसात मीठ जवळजवळ नसतं. चव येते ती वाटीतून.

वाट्या दोन. एकीत पोंझु, म्हणजे युझु किंवा सुदाचीसारख्या आंबट फळाचा रस आणि सोया सॉस. दुसरीत गोमादारे, वाटलेल्या तिळाची दाट, किंचित गोड चटणी. चरबीच्या कापाला पोंझु, कमी चरबीच्या कापाला आणि भाज्यांना तीळ. उलटं केलं तर बारावर तिळाचं तेल चढतं आणि चौथ्या घासालाच नको होतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वाटी भरून घेणं. प्रत्येक काप आपल्याबरोबर चमचाभर रस आणतो. दहा-बारा काप झाले की पोंझुचं आंबट पाणी होतं आणि तिळाची चटणी ताकासारखी पातळ. मग लोक म्हणतात की इथलं मांस बेचव आहे. दोन मोठे चमचे घ्या, पातळ झालं की ओतून नवीन घ्या. काप चिमट्याने पातेल्याच्या काठावर क्षणभर निथळू द्या, मग वाटीत.

वर घालायला चिरलेली नेगी (जपानी कांद्याची पात), मिरची घालून किसलेला लालसर मुळा (मोमिजी-ओरोशी), किसलेली लसूण, रायू म्हणजे तिखट तेल. मोमिजी-ओरोशी फक्त पोंझुत. तिळात घातला तर मुळ्याच्या पाण्याने चटणी फुटते. तिळात लसूण आणि रायू घाला, आपल्या जिभेला लगेच ओळखीचं वाटेल.

---

अर्धशिजं

सुकियाकीबद्दल थोडा मतभेद. ताबेहोदाईत दुसरा रस सुकियाकी घेऊ नये असं माझं मत आहे.

कारण सरळ आहे. सुकियाकीचा रस म्हणजे सोया सॉस, मिरिन, साके आणि साखर. मिरिन म्हणजे स्वयंपाकाची गोड दारू, साके तांदळाची दारू. हा रस उघड्या पातेल्यात तासभर आटत राहतो. चाळिसाव्या मिनिटाला तो इतका खारट-गोड होतो की मांसाची चव उरत नाही, आणि तळाला साखर लागते. सुकियाकी जाड कापांची आणि उथळ बिडाच्या कढईची. शाबू-शाबूचा दीड मिलिमीटरचा काप त्यात दोन मिनिटं राहिला की चिंधी होते.

---

ओसाकाकर

अर्धशिजं, कारणं सगळी बरोबर, निष्कर्ष पटला नाही. आटणं थांबवता येतं. कर्मचाऱ्यांना "दाशि ओ ताशिते कुदासाई" म्हटलं की साधा रस आणून देतात, काही टेबलांवर त्याचा जग ठेवलेलाच असतो. दर वीस मिनिटांनी अर्धा पेला घालायचा. कोबी आणि टोफू भरपूर घातला की त्यांचं पाणी सुटूनही रस सैल राहतो.

तुम्ही म्हणता ती कढई कान्साईची, म्हणजे ओसाकाकडची पद्धत आहे. चरबी वितळवून मांस आधी भाजायचं, त्यावर थेट साखर आणि सोया सॉस. कान्तोत, म्हणजे तोक्योकडे, तयार रस ओतून शिजवतात. पडद्याच्या पातेल्यात मिळते ती ही दुसरी पद्धत.

कच्च्या अंड्याबद्दलही लोक विचारतील. सुकियाकीचा गरम काप फेटलेल्या कच्च्या अंड्यात बुडवतात. घास निवतो आणि खारटपणा बोथट होतो. जपानमध्ये अंड्यांवरची तारीख कच्चं खाण्याच्या हिशोबाने घातलेली असते. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि वयस्क मंडळींनी तरीही टाळावं. अंडं कोर्समध्ये धरलंय की वेगळे पैसे आहेत, ते ऑर्डरच्या आधी बघा.

---

पळीभर

स्वच्छतेबद्दल दोन गोष्टी, मुलं बरोबर असतील तर विशेष.

कच्च्या मांसाचा चिमटा वेगळा, खायच्या काड्या वेगळ्या. टेबलावर दोन चिमटे येतात ते याचसाठी. डुकराचं मांस जपानमध्ये कच्चं खाण्यासाठी विकायला २०१५ पासून बंदी आहे, यकृतदाह-ई (हेपटायटिस-ई) आणि इतर जंतूंमुळे. निकष आहे आतपर्यंत ७५ अंश आणि एक मिनिट, किंवा त्याच्या तोडीचं शिजवणं. उकळीच्या जवळ असलेल्या रसात पातळ काप लगेच तापतो, पण निशीकासाईकरांनी वर सांगितलंय तसं पातेलं ७० वर आलं असेल तर सेकंद मोजून उपयोग नाही. भाज्या नुकत्याच घातल्या असतील तर पुन्हा बुडबुडे येईपर्यंत मांस सोडायचंच नाही.

दुसरी गोष्ट फेसाची. मांसातली प्रथिनं आणि चरबी गोठून करड्या रंगाचा फेस वर येतो, जपानीत 'आकु'. गुळाच्या काहिलीवर मळी येते तशीच, आणि तशीच काढायची. बारीक जाळीची पळी आणि पाण्याचं भांडं दिलेलं असतं. फेस उचलायचा, पळी पाण्यात हिसळायची, पुन्हा उचलायचा. खोल ढवळायचं नाही, नाहीतर फेस रसात मिसळतो. शेवटी त्याच रसात भात करायचा असतो, म्हणून एका माणसाने हे काम अंगावर घ्यावं.

---

मिरजमळा

आता शेवटाचं, 'शिमे', म्हणजे उरलेल्या रसात नूडल्स किंवा भात करून जेवण संपवणं. माझ्या मते हा जेवणाचा सर्वांत चांगला भाग आणि नेमका हाच लोक सोडतात, कारण तोवर पोट तुडुंब झालेलं असतं.

किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ साली कोंबूतून ग्लुटामेट हा चवीचा घटक वेगळा काढला आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. मांसातून इनोसिनेट हा तसाच दुसरा घटक उतरतो. दोन्ही एकत्र आले की चव कितीतरी पटींनी वाढते. तासाभरापूर्वी पाण्यासारखा लागणारा रस जेवण संपताना असा होतो की नुसता वाटीत घेऊन प्यावा. तो टाकून उठायचं म्हणजे सगळ्यात मोलाची गोष्ट मागे ठेवायची.

नूडल्स किंवा अंडं वेगळं मागवावं लागत असेल तर शेवटच्या ऑर्डरच्या आधीच मागवा. गोठलेला उदोन तीन मिनिटं, रामेन दीड ते दोन. भाताची पेज म्हणजे झोसुई. पातेल्यातले सगळे तुकडे गाळून काढा, फेस काढा. ५००-६०० मिली रस राहू द्या. २०० ग्रॅम भात, म्हणजे मोठी वाटी. मीठ आणि थोडा सोया सॉस. दोन-तीन मिनिटं उकळलं की एक अंडं फेटून काड्यांवरून बारीक धारेने, कडेकडून आत गोल फिरवत सोडा. झाकण ठेवा, आच बंद, एक मिनिट. वरून नेगी.

---

केतकीबन

भात गरम घ्यायचा की थंड? आणि नंतर ढवळायचं का?

---

मिरजमळा

कसाही चालेल, पण आधी गाळणीत पाण्याखाली धुता आला तर धुवा. जपानी तांदूळ चिकट असतो. न धुता घातला तर पिठूळ पाणी सुटून रस खळीसारखा घट्ट होतो आणि शीत अन् शीत वेगळं राहत नाही. हॉटेलात गाळणी मिळाली नाही तर भात पळीवर घेऊन रसातच हळूच मोकळा करा.

अंडं घातल्यावर ढवळायचं नाही. ढवळलं की अंड्याचे धागे मोडतात आणि पेज पिवळी गढूळ होते. झाकण काढल्यावर पळी तळापर्यंत घालून एकदाच उचला आणि सरळ वाट्यांत वाढा.